लोण्याला चालतो, तुपाला का नाही?

प्रश्न : आमच्याकडे न्याहारीला पाकिटातले खारे, पिवळे लोणी येते. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘रंग (आयएनएस १६०ए)’ असे छापलेले आहे. हा कॅरोटीन नावाचा रंग असल्याचे मुलीने शोधून सांगितले. साजूक तुपाच्या बरणीवर मात्र रंगाचा उल्लेखच नाही. दुकानदार म्हणतो, तुपात रंग घालायला कायद्याने मनाई आहे. गाजराचाच रंग असेल, तर तो लोण्याला चालतो आणि तुपाला का चालत नाही?
— एक वाचक, कराड

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत टेबल बटरला, म्हणजे डेअरीत तयार होणाऱ्या पाकीटबंद लोण्याला, मीठ घालायची आणि शेंद्रीच्या बियांचा किंवा कॅरोटीनचा रंग द्यायची मुभा होती. तुपाची व्याख्या मात्र वेगळी होती. दूध, दही, लोणी किंवा साय यांपासूनच काढलेले, ज्यात रंग किंवा टिकवण्याचे द्रव्य घातलेले नाही, तेच तूप. २००६ मध्ये अन्नसुरक्षा व मानके कायदा आला, २०११ मध्ये त्याखालचे विनियम लागू झाले आणि त्यानंतर याद्या व प्रमाणे अनेकदा सुधारली गेली. लोणी आणि तूप यांच्यामधली रेघ मात्र कायम राहिली.

या रेघेचे कारण विषारीपणात शोधाल तर सापडणार नाही. खाद्यरंगांचा कायदा दोन गोष्टी तपासतो. रंग खाणाऱ्याला बाधतो का, ही एक. आणि रंगामुळे विकत घेणारा फसतो का, ही दुसरी. पहिल्या कसोटीला कॅरोटीन बहुतेक रंगांपेक्षा चांगले उतरते. तुपात ते अडते ते दुसऱ्या कसोटीवर.

गाय हिरवा चारा खाते. चाऱ्यातल्या बीटा-कॅरोटीनच्या काही भागाचे तिच्या शरीरात अ जीवनसत्त्व होते आणि उरलेले जसेच्या तसे दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हणून गाईचे लोणी आणि तूप पिवळसर असते. म्हैस तोच चारा खाते, पण शोषलेल्या कॅरोटीनचे ती जवळपास सगळेच अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, आणि या जीवनसत्त्वाला डोळ्याला जाणवेल असा रंग नसतो. त्यामुळे म्हशीचे तूप पांढरे. त्या पांढरेपणावरून त्यात जीवनसत्त्व कमी असेल असा अर्थ काढणे चूक आहे. अनेक घरांत हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

डेअरीत दोन्ही दुधे येतात. पावसाळ्यात जनावरांपुढे हिरवे गवत असते, उन्हाळ्यात कडबा. दुधाचा आणि लोण्याचा पिवळेपणा त्याप्रमाणे वर्षभर कमीजास्त होत राहतो. गिऱ्हाइकाला मात्र प्रत्येक पाकीट सारखे लागते. युरोपातही हिवाळ्यात लोणी फिके पडे, तेव्हा तिथे गाजराचा रस किंवा झेंडूसारख्या फुलांच्या पाकळ्या वापरण्याची जुनी चाल होती. पाकीटबंद लोणी हा मीठ घालून, यंत्रावर, एका मापात तयार केलेला माल आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते आणि रंग घातल्याचे वेष्टनावर लिहावे लागते. म्हणून तिथे मुभा.

तुपाचे तसे नाही. गाईचे तूप सहसा म्हशीच्या तुपापेक्षा चढ्या भावाने विकले जाते, आणि दुकानात उभे राहून ते ओळखायची खूण म्हणजे त्याचा पिवळेपणा. किलोभर तुपाला तसा पिवळेपणा आणायला काही मिलिग्रॅम कॅरोटीन पुरते. ते पोटात जाऊन कोणाचे काही बिघडणार नाही, उलट थोडे अ जीवनसत्त्वच मिळेल. पण म्हशीचे तूप गाईचे म्हणून खपेल, आणि वनस्पती तेलाची भेसळ असेल तर तीही त्या रंगाखाली झाकली जाईल. मला ही बंदी फार योग्य वाटते. निरुपद्रवी रंगसुद्धा खोटे बोलू शकतो, हे नियम लिहिणाऱ्यांनी नेमके ओळखले होते.

वनस्पती तुपाच्या जुन्या नियमांत हे आणखी स्पष्ट दिसते. त्यात सरकारच्या परवानगीवाचून रंग घालायचा नाही, आणि तुपाच्या रंगाशी मिळताजुळता रंग तर कोणत्याही परिस्थितीत घालायचा नाही, असे बजावलेले होते. शिवाय किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती होती. तिळाच्या तेलातले एक द्रव्य फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या संपर्कात आले की गुलाबी-लाल रंग उमटतो. तुपाच्या नमुन्यात वनस्पती तूप मिसळलेले असेल, तर प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत ही लाली येते. डोळ्यांना फसवणारा रंग कायद्याने काढायला लावला आणि चोरी पकडणारा, एरवी न दिसणारा रंग मुद्दाम घालायला लावला. आपल्या अन्नकायद्यातल्या अगदी हुशार तरतुदींमध्ये मी हिची गणना करतो.

हाच वाद अमेरिकेत मार्गारिनवरून झाला आणि ऐंशी वर्षे पुरला. मार्गारिन म्हणजे चरबीपासून किंवा तेलापासून केलेला, लोण्याच्या जागी वापरायचा पदार्थ. मुळात तो पांढुरका. १८८६ मध्ये तिथल्या संसदेने त्यावर कर बसवला. १९०२ मध्ये फरक केला गेला, लोण्यासारख्या पिवळ्या मार्गारिनला पौंडामागे दहा सेंट कर आणि बिनरंगी मार्गारिनला पाव सेंट. न्यू हॅम्पशायर राज्याने तर मार्गारिनला गुलाबीच रंग द्यावा असा कायदा केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द ठरवला. पुढे कंपन्या पांढरे मार्गारिन आणि सोबत रंगाची कुपी विकू लागल्या आणि बायका घरी बसून तो रंग मार्गारिनमध्ये मळू लागल्या. केंद्राचा कर १९५० मध्ये गेला. विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायाचे राज्य, तिथली पिवळ्या मार्गारिनवरची बंदी १९६७ पर्यंत टिकली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने तर ती २००८ मध्ये उठवली. या सगळ्यात डेअरीवाल्यांना आपला बाजार राखायचा होता, हे उघड आहे. गरिबांच्या स्वस्त पदार्थावर कर लादणे मला अन्यायाचेच वाटते. तरी ‘जे दिसते तेच मी विकत घेतो आहे का?’ हा ग्राहकाचा प्रश्न त्या भांडणात खरा होता.

आज मार्गारिनला पिवळा रंग बहुधा बीटा-कॅरोटीनचा असतो. आणि ज्या पाम तेलापासून पुष्कळसे मार्गारिन बनते, त्या कच्च्या तेलातच किलोमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटीन असते. ते तेल गडद नारिंगी-लाल दिसते. शुद्ध करताना विरंजक माती आणि भरपूर उष्णता यांनी तो रंग घालवतात आणि शेवटी पदार्थाला पिवळेपणा यावा म्हणून कॅरोटीन पुन्हा घालतात.

लोण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आंब्याच्या पेयांची. आपल्याकडे फळपेयात फळाचा रस किंवा गर किमान दहा टक्के असला तरी पुरतो. हापूसचा केशरी रंग त्याच्या स्वतःच्या कॅरोटीनमुळे येतो, आणि गर कमी पडला की तोच रंग बाहेरून घालता येतो. मागे रंगाचा क्रमांक छापलेला असतो, म्हणून हे बेकायदा नाही. पण पुढे पिकल्या आंब्याचे चित्र आणि आत रंगाने भरून काढलेली उणीव, यात मुलांची दिशाभूल होते. फळाचे प्रमाण चित्राशेजारी ठळक छापायला लावले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वेष्टनावर ‘परवानगी असलेला नैसर्गिक रंग’ असे वाचले की बरे वाटते. कॅरोटीन खरोखर गाजरापासून काढतात का? आणि ते पूर्ण शाकाहारी असते का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ते पहिल्यांदा वेगळे काढले गेले ते गाजरापासूनच. १८३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख वाकनरोडर यांनी गाजरातून त्याचे स्फटिक मिळवले. रिखार्ड विलश्टेटर यांनी १९०७ मध्ये त्याचे सूत्र ठरवले, कार्बनचे ४० अणू आणि हायड्रोजनचे ५६. स्वित्झर्लंडमधल्या पाउल कारर यांनी १९३० च्या सुमारास रेणूची रचना उलगडली. त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. रेणूच्या मधोमध एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती प्रकाशातला निळा भाग शोषते आणि उरलेला पिवळा-नारिंगी आपल्यापर्यंत पोचतो. हा रेणू प्रयोगशाळेत १९५० मध्ये बनवता आला आणि चारेक वर्षांत स्विस कंपनी रोशने त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. आज जगाच्या बाजारातल्या बीटा-कॅरोटीनचा मोठा हिस्सा असाच कारखान्यात रसायनांपासून तयार होतो.

‘१६०ए’ या क्रमांकापुढे कंसात कधी रोमन आकडा असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. एक म्हणजे कारखान्यात संश्लेषणाने बनवलेले. दोन म्हणजे वनस्पतींपासून काढलेले, यात गाजर, पाम तेल, लसूणघास असे स्रोत येतात. तीन म्हणजे ब्लेकस्लीआ ट्रायस्पोरा नावाच्या बुरशीपासून. हिचे दोन पूरक वाण एकत्र वाढवले की ते एकमेकांना चेतवतात आणि कॅरोटीनचे उत्पादन अनेक पटींनी वाढते. चार म्हणजे शैवालापासून.

हे शैवाल म्हणजे ड्युनालिएला सलायना. समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात, कडक उन्हात ते जगते आणि प्रखर उजेडापासून बचाव म्हणून अंगात कॅरोटीन साठवते. कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ते कॅरोटीनच असू शकते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हट लगून हे सरोवर अशाने गुलाबी दिसते आणि तिथे या शैवालाची शेती होते. तुम्ही विदर्भातले आहात, म्हणून लोणारची आठवण करून देतो. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पहिला संशय याच शैवालावर गेला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि तिथे हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे सांगितले. त्यांचे रंगद्रव्य वेगळे असले, तरी कॅरोटीनच्याच विस्तृत घराण्यातले आहे. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या पंखांना गुलाबी रंग येतो तोही खाण्यातून मिळालेल्या याच घराण्यातल्या द्रव्यांमुळे.

आता ‘नैसर्गिक’ या शिक्क्याकडे येऊ. भारतीय नियमांतली नैसर्गिक रंगांची यादी अशा वाक्याने सुरू होते की हे रंग निसर्गातून वेगळे काढलेले असोत वा संश्लेषणाने बनवलेले असोत, वापरता येतील. पाठोपाठ बीटा-कॅरोटीन, हरितद्रव्य, रायबोफ्लेविन, कॅरामल, शेंद्री, केशर, हळदीतले कुर्क्युमिन अशी नावे आहेत. म्हणजे कारखान्यात बनवलेले बीटा-कॅरोटीनही आपल्याकडे कायद्याने ‘नैसर्गिक’ यादीत बसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथे प्रत्येक खेपेची सरकारी तपासणी लागणारे रंग आणि त्यातून सूट असलेले रंग, असे दोन गट आहेत. बीटा-कॅरोटीन १९६४ पासून सूट असलेल्या गटात आहे, मग ते कुठूनही आलेले असो. युरोपीय संघ ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ अशी विभागणीच करत नाही. प्रत्येक रंगाला ‘ई’ क्रमांक, स्रोताला उपक्रमांक आणि शुद्धतेचे निकष, एवढ्यावर तिथे काम चालते. मला युरोपची पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

बीटा-कॅरोटीनचा रेणू कारखान्यातला असो की शैवालातला, एकच असतो. वनस्पतींच्या आणि शैवालाच्या अर्कात त्याची भावंडे, उदाहरणार्थ अल्फा-कॅरोटीन, थोड्या प्रमाणात सोबत येतात, एवढाच फरक. तरी दोन्हींतला भेद ओळखता येतो. झाडे आणि शैवाल हवेतला कार्बन घेतात, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा सूक्ष्म अंश असतो. खनिज तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षांचा जुना, त्यातला हा अंश कधीच संपलेला असतो. त्यामुळे खनिज तेलाच्या रसायनांपासून बनवलेला माल ‘वनस्पतिजन्य’ म्हणून जादा भावाने विकला, तर प्रयोगशाळा ती लबाडी पकडू शकते. इथेही प्रश्न फसवणुकीचाच, विषाचा नाही.

आणि ‘नैसर्गिक’ यादीतले सगळे रंग सारखे निर्धोक आहेत असेही समजू नका. आपल्या याच यादीत कॅन्थाझँथिन आहे, कॅरोटीनचे नातलग. परदेशात एके काळी कातडी उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून त्याच्या गोळ्या घेतल्या जात. १९८० च्या दशकात अशा लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याचे स्फटिक साचलेले आढळले. म्हणून त्याचे सुरक्षित प्रमाण फार कमी ठरवावे लागले.

शाकाहाराचा तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. कॅरोटीन स्वतः शाकाहारी, पण ते पाण्यात विरघळत नाही. सरबतात किंवा जेलीत वापरायचे तर त्याचे अतिसूक्ष्म कण एखाद्या आवरणात धरून ठेवावे लागतात. हे आवरण डिंकाचे किंवा सुधारित स्टार्चचे असते, तसे जिलेटिनचेही असते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांपासून येते. हिरवे चिन्ह छापणाऱ्या उत्पादकाने याची खातरजमा केलेली असणे अपेक्षित आहे. शंका असेल तर कंपनीला लेखी विचारा, वेष्टनावर ग्राहक संपर्काचा पत्ता असतो.

प्रश्न : आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे. भोपळा आणि गाजर त्याला आवडते. त्याचे नाक आणि तळवे पिवळे दिसू लागले आहेत. दुसरे असे, की माझे सासरे अनेक वर्षे विड्या ओढतात आणि ‘ताकदीसाठी’ बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेतात. हे चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. सासऱ्यांच्या त्या गोळ्या थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग कमी दिसतो, तेव्हा त्यातले कॅरोटीन गोळीतून दिले तर उपयोग होईल, अशी फार आशा होती. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ती तपासली गेली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. ते घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतही धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी काम केलेले अशा १८,३१४ जणांवर चाचणी चालू होती. त्यातल्या निम्म्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व दिले जात होते. त्यांच्यात कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवली. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या तिसऱ्या चाचणीत, ज्यांत धूम्रपान करणारे थोडेच होते, बारा वर्षांत ना फायदा दिसला ना तोटा. धुराने भरलेल्या फुप्फुसांत कॅरोटीनचे मोठे प्रमाण ऑक्सिजनशी संयोग पावून तुटते आणि ते तुकडे पेशींना अपाय करतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्येही स्पष्ट सांगितले की धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनची पूरके टाळावीत. विडी ओढणाऱ्यालाही हे लागू आहे.

मग लोण्यातल्या रंगाचे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७४ मध्ये रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमपर्यंत कॅरोटीन चालेल अशी मर्यादा घातली होती. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. ती उंदरांवरच्या प्रयोगांवर आधारलेली होती. उंदराच्या आतड्यातच कॅरोटीनचे बहुतांशी अ जीवनसत्त्व होते, माणसाच्या शरीरात ते तसेच पुष्कळ शोषले जाते. ही विसंगती आणि धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचण्या यांमुळे समितीने २०१९ मध्ये जुनी मर्यादा मागे घेतली. आपलाच आकडा चाळीसेक वर्षांनी मागे घेणारी समिती मला विश्वासार्ह वाटते. रंग म्हणून जेवढे कॅरोटीन पोटात जाते, त्याने सर्वसाधारण लोकांना धोका अपेक्षित नाही, असेही तिने सांगितले. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये रंग आणि पूरके मिळून दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा सल्ला दिला होता. लोण्याच्या किंवा बिस्किटाच्या किलोमागे हा रंग काही मिलिग्रॅमच असतो. याउलट एका मोठ्या नारिंगी गाजरात साधारण आठ मिलिग्रॅम सहज असते. त्यामुळे सासऱ्यांनी गाजर, पपई, शेवग्याचा पाला खुशाल खावा. या चाचण्यांत दोष आढळला तो मोठ्या मात्रेच्या गोळ्यांत.

बाळाचे पिवळेपण बहुधा कॅरोटीनचेच आहे. रक्तात ते वाढले की नाकाचा शेंडा, तळहात, तळपाय पिवळे दिसतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली एक लहान मुलगी संत्र्याच्या चवीचे, बीटा-कॅरोटीन घातलेले पेय दिवसाला दीड लिटरपर्यंत पीत होती आणि तिचा चेहरा व हात पिवळे झाले होते. याने अपाय होत नाही, कारण गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवून शरीर थांबते. भोपळा-गाजर कमी केले की काही आठवड्यांत रंग उतरतो. पण डोळ्यांचा पांढरा भाग नीट पाहा. तो पिवळा दिसला, लघवी गडद झाली किंवा बाळ मलूल असेल, तर ती काविळीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : दिवाळीच्या फराळाला आणि जिलेबीला घरी असा रंग देता येईल का? किराणा दुकानात सुटी केशरी पूड मिळते, ती वापरावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सुटी पूड नको. नाव-पत्ता नसलेल्या पुडीत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला कापडाचा रंग असू शकतो. आणि परवानगी असलेला सनसेट यलो असला, तरी मिठाईत त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. शुद्ध रंगाची चिमूट पाव ग्रॅमची धरली, तर किलोभर पदार्थात ती मर्यादेच्या अडीच पट होते. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा मुलांच्या चंचलपणाविषयीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर युरोपात जुलै २०१० पासून सहा कृत्रिम रंगांवर मुलांच्या वागणुकीवर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. आपल्याकडे दीर्घकाळ परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी चार त्या सहांत आहेत, टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर. कंपन्या कॅरोटीनकडे वळल्या त्याचे हे एक मोठे कारण.

घरी कॅरोटीन वापरायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ते तेला-तुपातच उतरते. तुमच्याकडच्या बेडगी मिरचीच्या रश्शावर तवंग लाल येतो आणि खालचे पाणी फिकेच राहते, ते मिरचीतल्या कॅरोटीनच्या नातलगांमुळेच. नारिंगी गाजरे बारीक किसा, तुपात अगदी मंद आचेवर पाणी आटेपर्यंत परता आणि तूप गाळून घ्या. हे केशरी तूप बेसनाच्या लाडवाला, करंजीच्या साट्याला, नानकटाईला सुरेख रंग देते. थंडीतल्या लाल देशी गाजरांत टोमॅटोतले लायकोपीनही असते, त्यामुळे छटा तांबूस येते. जिलेबीच्या पाकाला मात्र या तुपाचा उपयोग नाही. तिथे केशरच हवे. केशराचे रंगद्रव्य क्रोसिन हेही कॅरोटीनच्याच घराण्यातले, पण त्याला साखरेचे रेणू जोडलेले असल्याने ते पाण्यात विरघळते.

उजेड आणि हवा लागली की कॅरोटीनचा रंग विटतो. गाळलेले तूप स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फराळापुरतेच करा. आणि ते विकायला काढणार असाल, तर साजूक तूप म्हणून विकू नका. रंग घरच्या गाजराचा असला तरी कायद्याची मनाई त्यालाही लागू होते.